मेजर, बुखारी बसवा. आईंच्या खोलीत मात्र नको

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एक गाव. लिहिणारे गृहस्थ दोन वर्षांमागं सैन्यातून निवृत्त झाले. जुनं कौलारू घर उतरवून त्यांनी स्लॅबचं घर बांधलं आणि गेला पावसाळा पहिल्यांदा त्यात काढला. भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास, वीज गेली की दोन-दोन दिवस पत्ता नाही. त्यांच्या आई 79 वर्षांच्या, थोडा दमा आहे. 'माझी चूल मोडलासा, आता मी कुठं बसू?' असं म्हणून त्या खोलीतच बसून असतात. काश्मीरमध्ये या गृहस्थांनी कितीतरी हिवाळे बुखारीच्या, म्हणजे धुराडं लावलेल्या लोखंडी शेगडीच्या उबेवर काढलेत. आईच्या खोलीत तशीच लाकडाची बुखारी बसवावी आणि रात्रभर मंद ठेवावी, असं त्यांच्या मनात आहे. काचेच्या दाराची 8 किलोवॅटची तयार शेगडी त्यांनी मोबाईलवर बघून ठेवलीय. धाकटा भाऊ म्हणतो, कशाला पैसे घालवतोस, ड्रम कापून करून घेऊ. पत्नीचा साफ विरोध: 'गॅस आहे, गीझर आहे, नवीन घर काळं कशाला करूलालासा?' घरात दीड वर्षांची नातही आहे. शेवटी त्यांनी दोन प्रश्न विचारलेत. कोण बरोबर? आणि जवळच्या कारखान्यातून काजूची टरफलं फुकट मिळतात, ती जळण म्हणून चालतील का?

मेजर, नमस्कार.

तुमचा हुद्दा पत्रात नाही, पण आपल्या भागात सैन्यातून परत आलेला प्रत्येक माणूस गावाला मेजरच असतो, म्हणून मीही तेच म्हणते. पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या बाजूनं, दुसऱ्यांदा वहिनींच्या. तिसऱ्यांदा वाचताना आईंच्या त्या एका वाक्यावर अडकले. 'मी कुठं बसू?'

तुम्ही त्याचा अर्थ लावलात की आईला थंडी वाजते. वाजतही असेल. पण ज्या बाईनं पन्नास-साठ वर्षं पहाटे उठून चूल पेटवली, तिची घरातली जागा म्हणजे चुलीपुढचा पाट. तिथं बसून तिला सगळं दिसायचं: दूध कुठवर आलं, परड्यातली म्हैस का हंबरते, सोप्यात कोण आलं, कोण न जेवता निघालं. नव्या घरात तिला खोली मिळाली आणि पाट गेला. त्या खोलीत बुखारी बसवलीत तर ती उबेत बसेल, पण एकटीच. एवढ्या मोठ्या पत्रात आईंना काय पाहिजे ते तुम्ही आईंना विचारलंत असं कुठं लिहिलेलं नाही. आधी ते विचारा. पुढचं सगळं त्यानंतर.

दुसरी गोष्ट. तुम्ही आणि वहिनी 'चूल की गॅस' असं भांडताय, पण जुन्या घरातली ती एक चूल किती कामं करत होती ते आठवा. भाकरी व्हायची. वैलावर आमटी गरम राहायची. न्हाणीतलं पाणी तापायचं. ओलं घोंगडं वाळायचं, माळ्यावरच्या बियाण्याला कीड लागायची नाही, आणि माणसं शेकत बसायची. नव्या घरात ही कामं वाटून द्यावी लागतील, आणि प्रत्येक कामाला उत्तर निराळं असेल. रोजच्या स्वयंपाकाला मी सरळ वहिनींच्या बाजूची आहे, गॅसच बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं घरातल्या चुलींच्या धुरानं 2020 या एका वर्षात जगभरात सुमारे 32 लाख माणसं दगावली. आईंच्या दम्याला किती कारणं असतील ती असोत, पण चुलीपुढं काढलेली वर्षंही त्यात असू शकतात. गीझरचं मात्र वहिनींना मी विचारेन: वीज दोन दिवस नसते तेव्हा नातीला अंघोळ कशी घालता?

आता ओलीबद्दल. नव्या घराच्या पहिल्या पावसाळ्यातली ओल पुष्कळदा बांधकामातलीच असते. स्लॅबला आणि गिलाव्याला पाजलेलं पाणी महिनोन्‌महिने बाहेर येत राहतं. त्यात आपल्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि पश्चिमेची भिंत झोडपून काढतो. एक साधी परीक्षा आहे. ओल दिसते तिथं हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. कागदाच्या आतल्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते. तिला बाहेरून गिलावा, वॉटरप्रूफिंग, पश्चिमेच्या भिंतीला पत्रा किंवा झांपा, हाच उपाय. आत कितीही लाकडं जाळा, भिंत पाणी ओढतच राहणार. कागदाच्या बाहेरच्या बाजूला दव आलं तर मात्र ओल खोलीतल्या हवेची आहे, आणि तिथं थोडी ऊब व थोडा वारा कामाला येतो. ही परीक्षा पावसातच करायची आहे, आत्ता फाल्गुनात करून काही कळणार नाही.

'जुन्या घरात इतकी वर्षं चूल होती, कुणाला काही झालं नाही,' असंही तुम्ही लिहिलंय. मेजर, जुन्या घराचं छप्पर कौलाचं होतं. दोन कौलांच्या फटीतून धूर जायचा आणि दाराखालून ताजी हवा आत यायची. सकाळी लांबून बघितलं तर सगळं घरच धुमसतंय असं वाटायचं. स्लॅबच्या घरात वरून एक सूतही जागा नाही आणि खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा. तेच लाकूड, तोच जाळ, पण घर बदललं की आगीचा स्वभाव बदलतो.

काश्मीरची बुखारीही अशीच तिथं ठेवून या. तुम्हीच लिहिलंय की झोपायच्या आधी ती विझवायचा हुकूम असायचा आणि बाहेर संत्री जागा असायचा. मग घरी 'रात्रभर मंद ठेवीन' हे कुठून आलं? दमा असलेली म्हातारी बाई, बंद खोली, बंद खिडकी आणि रात्रभर धुमसणारं लाकूड, यात संत्री कोण? मंद आगीला हवा कमी पडते आणि कमी हवेत जळणारं लाकूड कार्बन मोनॉक्साइड सोडतं. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस खोकत उठत नाही, त्याची झोप फक्त गाढ होत जाते. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, ही बातमी उत्तरेकडून जवळजवळ दर हिवाळ्यात येते. तेव्हा ज्या खोलीत माणूस झोपतो तिथं आग नको, यात मी एक पाऊलही मागं येणार नाही. आईंच्या खोलीला रात्री गरम पाण्याची पिशवी, खाली वाकळ, वर घोंगडं, आणि वीज असेल तेव्हा तेलाचा बंद हीटर. एवढ्यानं भागतं. आपली कडाक्याची थंडी म्हणजे पहाटेचे 10-12 अंश. लडाखमधलं द्रास नाही हे.

त्यावरूनच त्या 8 किलोवॅटच्या शेगडीचं बोलू. लोकांना वाटतं मोठी घेतली की कमी जाळून चालेल. उलटं आहे. बुखारी बसवायचीच तर ती सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीत. तुमचा सोपा 12 बाय 14 फूट धरते. बाहेरच्यापेक्षा 7-8 अंश जास्त ऊब ठेवायला तिथं तासाला एक-दीड युनिट उष्णता पुरते (एक किलोवॅट तासभर चालला की एक युनिट). एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण चार युनिट उष्णता असते, आणि चांगली बंद शेगडी त्यातली 60-70 टक्के खोलीत देते. म्हणजे तासाला अर्ध्या किलोच्या आसपास जळण झालं की काम भागलं. तुमची 8 किलोवॅटची शेगडी पूर्ण जोरात चालवायची तर तासाला तीन किलो लागेल आणि अर्ध्या तासात सगळे बनियनवर येतील. मग तुम्ही काय करणार? हवेची झडप बंद करणार. झडप बंद केली की लाकूड धुमसतं, काच काळी पडते आणि धुराड्यात डांबरासारखा चिकट थर बसतो. पुढं कधीतरी जोरात जाळ केला की तो थरच पेटतो. धुराड्याला लागलेली आग म्हणजे जोरात येणाऱ्या गाडीसारखा आवाज आणि लालबुंद पाइप. म्हणून शेगडी लहान घ्या आणि ती मोकळ्या हवेनं, खणखणीत जाळानं, पण थोडाच वेळ चालवा. तीन-चार किलोवॅटची असेल तर तुम्हाला पुष्कळ झाली.

भावाच्या ड्रमला मात्र नको म्हणा. त्या ड्रममध्ये आधी काय होतं कुणाला ठाऊक. तेलाचा किंवा केमिकलचा ड्रम गॅस कटरनं कापताना फुटतो, त्यात माणसं गेलीत. आणि कापला तरी तो पातळ पत्रा दोन-तीन हंगामांत जळून भोक पडतं, तेही मागच्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चांगलं फॅब्रिकेशन करणारे पुष्कळ आहेत. चार-पाच मिलिमीटरची एमएस, म्हणजे साध्या पोलादाची प्लेट, आतून भट्टीच्या विटा, दाराला उष्णता सोसणारी दोरी म्हणजे दार घट्ट बसेल, खाली राखेचा खण, आणि जळणाखाली व जळणावर हवेच्या दोन निराळ्या झडपा. इतकं कागदावर काढून दिलंत की ते करून देतात. पाइपाचा पहिला तुकडा जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा घेऊ नका. फार तापलं की त्यावरचं जस्त धूर सोडतं आणि तो छातीला बाधतो. शेगडीला जोडणारा पाइप साध्या काळ्या पत्र्याचा, दोन मिलिमीटर जाड.

जागा सोप्यात. आईंची खुर्ची तिथं येईल, आणि माणसंही तिथंच बसतात. पण सोफा, पडदे, लाकडी चौकट, टीपॉय, सगळं शेगडीपासून तीन फूट लांब, आणि एकेरी पाइपापासून किमान दीड फूट. विटांच्या भिंतीला आग लागत नाही, तिच्यावर ठोकलेल्या लाकडी फळीला लागते. खाली टाइल्स असतील तर बरं. शेगडीच्या दारापुढं दीड फुटापर्यंत कांबळं, चटई काही नको, निखारा उडतो तो तिथंच पडतो. सोप्याला पीव्हीसीचं किंवा पीओपीचं छत केलंय का? केलं असेल तर पाइप त्याच्या जवळूनसुद्धा नेऊ नका. नातीसाठी चारी बाजूंनी जाळीचं कुंपण, भिंतीला हुकानं पक्कं. चालू शेगडीचं अंग दोनशे-तीनशे अंशांवर असतं आणि दीड वर्षाचं मूल हात लावायला जातंच. ओले कपडे वाळत घालायची दोरी शेगडीच्या वर बांधायची नाही, कितीही मोह झाला तरी. कपडा पडतो, आणि पडतो तो कुणी नसताना.

धुराडं हा सगळ्यात अवघड भाग, आणि माझ्या हातून झालेली चूकही तिथलीच. काही वर्षांमागं आमच्या न्हाणीच्या चुलीला मी गवंड्याला सांगून सिमेंटचा पाइप लावून घेतला, मध्ये दोन काटकोन देऊन, कारण सरळ नेला तर मोरीची खिडकी झाकत होती. पहिले चार महिने छान. पावसाळ्यात वापर बंद होता, तेवढ्यात गांधीलमाशांनी वरच्या कोपऱ्यात घर केलं. दसऱ्याला चूल पेटवली तर सगळा धूर घरात आणि त्या धुरामागोमाग माश्या. गवंड्याची काही चूक नाही, त्यानं मी सांगितलं ते केलं. पण त्या दिवसानंतर धुराड्याचा मी बराच अभ्यास केला.

शक्य तितकं सरळ वर, हा पहिला नियम. वळण लागलंच तर 45 अंशांचं, आणि दोनाहून जास्त नको. तुमच्या स्लॅबला भोक पाडून सरळ वर नेणं धुराच्या दृष्टीनं उत्तम, पण जांबोटीच्या पावसात स्लॅबचं भोक म्हणजे जन्माची गळती, आणि सळई कापली गेली तर ते वेगळंच. मी तरी वरच्या झरोक्याच्या उंचीवर भिंतीतून बाहेर काढेन आणि मग सरळ वर. बीम कुठून गेलाय ते घर बांधणाऱ्या इंजिनिअरला आधी विचारा. भिंतीत पाइपाभोवती मोठी नळी घालून मधल्या जागेत रॉकवूल (न जळणारा दगडी कापूस) भरा, सिमेंटनं आवळू नका, पाइप तापला की वाढतो. बाहेरचा भाग दुहेरी पाइपाचा, मध्ये रॉकवूल. कारण बाहेर एकेरी पाइप गार पडतो, धूर आतच थिजतो आणि काजळी झपाट्यानं बसते. वरचं टोक गच्चीच्या कठड्याच्या किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली असेल तर तिच्याहूनही दोन फूट उंच. शेगडीपासून टोकापर्यंत पंधरा फूट उंची मिळाली तर धूर आपोआप ओढला जातो. वर पावसाची टोपी आणि पाखरांसाठी जाळी. खाली, जिथं पाइप बाहेर येऊन वर वळतो, तिथं टीच्या आकाराचा तुकडा आणि त्याला काढता येणारं झाकण. काजळी तिथून काढता येते, आणि पावसाचं पाणी उतरलं तरी शेगडीत येत नाही.

एक बारीक गोष्ट जी पुष्कळ कारागीर उलटी करतात: वरच्या पाइपाचं टोक खालच्या पाइपाच्या पोटात बसलं पाहिजे. लोकांना वाटतं उलटं बसवलं तर धूर गळणार नाही. धूर वर ओढला जातो, तो गळत नाही. गळतं ते डांबरी पाणी, आणि उलट्या जोडातून ते नव्या पांढऱ्या भिंतीवर ओघळतं. वहिनींना ज्याची भीती आहे ते नेमकं हेच.

सिमेंटचा पाइप, म्हणजे ॲस्बेस्टॉसचा, आपल्याकडं सर्रास वापरतात. तो तापून तडकतो, आणि ग्राइंडरनं कापताना जी धूळ उडते ती फुप्फुसात कायमची बसते. तुमच्या परड्यात जुना पडलेला असेल तर तो तसाच राहू दे, कापू नका.

आता हवा. जेवढा धूर बाहेर जातो तेवढी हवा आत यावीच लागते. शेगडीजवळ भिंतीत चार इंचाचा पाइप टाकून बाहेरून जाळी लावा, आणि ते भोक कुणी गार वारा येतो म्हणून चिंध्यांनी बंद करणार नाही असं बघा. आणि हे नव्या घरांसाठी खास: स्वयंपाकघरात वहिनींनी एक्झॉस्ट फॅन किंवा इलेक्ट्रिक चिमणी बसवलीय का? ती जोरात चालू केली की घरातली हवा ओढते, आणि भरपाईला हवा तुमच्या धुराड्यातून उलटी खाली येते, धुरासकट. शेगडी पेटलेली असताना स्वयंपाकघराचा पंखा लावला तर तिथली खिडकी उघडी हवीच.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवरचा मिळतो. एक सोप्यात, शेगडीपासून थोडा लांब, एक आईंच्या खोलीच्या दाराशी. धुराचा अलार्म वेगळा, त्याला हा वायू कळत नाही. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली, तर पित्त म्हणून लिंबू सरबत करत बसू नका. सगळे बाहेर अंगणात, आईंना उचलून घ्या, 108 ला फोन. आत जाऊन खिडक्या उघडायचं काम नंतर. धुराड्यानं पेट घेतला तर झडपा आणि दार बंद, माणसं बाहेर, 101 किंवा 112. तापलेल्या लोखंडावर पाणी ओतायचं नाही, वाफेनं भाजतं.

काजूची टरफलं सोडली तर जळणाच्या लाकडाचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, आणि मला वाटतं निम्मा धूर तिथंच ठरतो. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते जाळलं की आधी पाण्याची वाफ होते, ऊब तिच्यातच जाते, आणि उरतो तो धूर. पाणी 20 टक्क्यांच्या खाली आलं पाहिजे. आपल्या आज्या मिरगाच्या आत जळणाची बेगमी का करायच्या ते यातच आलं. आत्ता फोडून ठेवा, मनगटाएवढ्या ढलप्या, जमिनीपासून वीतभर वर, वरून पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीत चहूकडून गुंडाळून ठेवलंत तर आत बुरशी येईल. वाळलं की नाही हे बघायला एक ढलपी स्वयंपाकघराच्या काट्यावर तोला, खडूनं तिच्यावरच वजन लिहा, आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की झालं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर टणटण वाजल्या पाहिजेत. ओलं लाकूड थप म्हणतं. जाड ओंडके तीन महिन्यांत वाळत नाहीत, ते पुढच्या सालाला ठेवा.

ऐन, किंजळ, आंबा, फणसाच्या वाळक्या फांद्या, जे शेतात मिळेल ते चालतं. बिब्बा कधीच नको, त्याच्या धुरानंही अंग उततं. कण्हेर नको, विषारी आहे. रंग दिलेल्या जुन्या चौकटी, प्लायवूड, प्लास्टिक तर नाहीच, आणि पेटवायला रॉकेलही नाही. जंगलातलं जळण आणताना जरा बेतानं. कर्नाटकात 1976 च्या वृक्ष कायद्यानं स्वतःच्या जमिनीतल्या झाडालाही परवानगी लागते. निलगिरी, सुरू, सिल्वर ओक, सुबाभूळ, गिरिपुष्प अशी थोडी झाडं त्यातून सुटलेली आहेत. बांधावर गिरिपुष्प असेल तर छाटून छाटून तेच पुरेल. बाकी झाडांचं रेंजर ऑफिसात विचारून घ्या, तुम्ही सरकारी नोकरी केलीय, कागदाचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको.

काजूच्या टरफलांचं उत्तर: नाही. फुकट मिळतात ती त्यासाठीच. टरफलातलं तेल कातडी पोळवतं, धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो, आणि ती इतकी भडकतात की लहान शेगडी ताब्यात राहत नाही. कारखान्याच्या उंच धुराड्याखालच्या भट्टीची गोष्ट वेगळी. दम्याच्या माणसाच्या घरात मूठभरही नको.

पेटवायची तऱ्हा थोडी बदला. आपण खाली काटक्या आणि वर लाकडं रचतो. बंद शेगडीत उलटं करून बघा: जाड ढलप्या खाली, त्यावर बारीक, सगळ्यात वर चिपाडं आणि काटक्या, आणि काडी वरून लावा. खालून निघणारा धूर वरच्या जाळात जळून जातो. पहिली पंधरा मिनिटं सगळ्या झडपा उघड्या. बाहेर जाऊन धुराड्याच्या टोकाकडं बघा. नुसती गरम हवा थरथरताना दिसली तर बरोबर चाललंय. निळा-करडा धूर दिसला तर हवा कमी आहे किंवा जळण ओलं. संध्याकाळी पाचला पेटवा, आठनंतर लाकूड टाकायचं बंद, झोपेपर्यंत निखारेही विझलेले. राख पत्र्याच्या झाकणवाल्या बादलीतच, घराबाहेर. वरून गार दिसली तरी तिच्या पोटात दोन-तीन दिवस विस्तव जिवंत राहतो. मग माडाला टाका. धुराडं घासायचं तारेच्या ब्रशनं, मिरगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. मध्ये कधीही थर तीन मिलिमीटर दिसला की लगेच.

आता यातलं प्रत्येक काम वाचून सांगा, कोण करणार? लाकूड फोडणं, राख काढणं, ब्रश मारणं, काच पुसणं. वहिनींचा विरोध मला धुरापेक्षा याला असावा असं वाटतं. पुरुषमाणूस हौसेनं वस्तू आणतो आणि महिन्याभरात ती बाईच्या अंगावर पडते, हे त्यांनी बघितलेलं असणार. त्यांना सांगा, शेगडीचं सगळं माझ्याकडं. आणि तुम्ही दोन दिवस बेळगावला गेलात तर ती पेटणार नाही, हेही त्याच बोलण्यात ठरवून टाका.

खरं सांगायचं तर तुमच्या जागी मी बुखारीच्या आधी परड्याकडं वळले असते. मागच्या पडवीत, दोन बाजू उघड्या ठेवून, आईंसाठी एक धुराड्याची चूल. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली ग्रामीण कामासाठी 'अस्त्र' नावाचा विभाग निघाला, आणि पुढं त्यांनी तीन भांड्यांची चूल तयार केली, 'अस्त्र ओले'. कन्नडात ओले म्हणजे चूल. एकाच जाळावर तीन भांडी, एकामागं एक. पहिल्यावर भाकरीचा तवा, दुसऱ्यावर डाळ, तिसऱ्यावर न्हाणीचं पाणी, आणि धूर शेवटी धुराड्यातून वर. ज्वाळा वाया जात नाही, म्हणून जळणही कमी लागतं. खानापूरची माती तर कौलांची आणि मडक्यांची, कुंभारकामाची केंद्रीय संस्था तिथं आहे ती उगाच नाही. विटा-मातीत ही चूल एखादा जाणता गवंडी दोन-तीन दिवसांत बांधतो. वीज गेली तर नातीची अंघोळ सुटली, वहिनींचं नवं स्वयंपाकघर पांढरं राहिलं, आणि आईंना पाट मिळाला. तिथून परडंही दिसतं. फक्त जाळ घालायचं आणि फुंकायचं काम त्यांच्याकडं नको. त्यांनी बसून सांगावं, दुसऱ्यानं करावं. दम्याच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, त्यांनी चुलीजवळ बसायलाही मनाई केली तर तेच खरं.

मिरगाला अजून तीन महिने आहेत. चूल आधी बांधा, यंदाचा पावसाळा तिच्यावर काढा. ती कागदाची परीक्षा करा. सोप्यात तरीही ऊब हवी वाटली तर दिवाळीला उद्यमबागेत जाऊन लहान बुखारीची ऑर्डर द्या. आणून लगेच घरात पेटवू नका. नव्या रंगाचा उग्र वास पहिल्या दोन-तीन जाळांत जातो, तेवढे जाळ पाइपाचा एक तुकडा लावून परड्यातच करून घ्या, लहानसे. राखेत रताळी घालायचा मोह होईल, पण तेव्हा नको, रंगाचा वास लागेल. चौथ्या जाळाला घाला.